डोळा आधी, जीभ नंतर : घोड्यांच्या शर्यतीचे समालोचन

परभणी जिल्ह्यातील एका तरुण निवेदकाने विचारले आहे : गेली चार वर्षे मी शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, निवेदन करतो, आवाज खणखणीत आहे, पंचक्रोशीत लोक ओळखतात, यंदा यात्रा कमिटीने घोड्यांच्या शर्यतीचा माईकही माझ्याकडे दिला आहे, तर या शर्यतीचा चांगला समालोचक होण्यासाठी आवाजाखेरीज नेमके काय लागते? मीही शंकरपटावरूनच या कामात आलो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधली सात वर्षे हातातला माईक गप्प बसू नये म्हणून मी घोड्यांकडे वळलो आणि तेव्हाच मला कळले की आपल्याला या कामातले फार थोडे येते. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

तुमचा आवाज चांगला आहे ही जमेची बाजू खरी, पण या कामात आवाजाचा नंबर बराच खाली लागतो. शर्यतीच्या मैदानावर दोरीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला घोडे त्याच्या समोरून जातात तेवढे दोन-तीन सेकंदच शर्यत दिसते. त्याआधी काय झाले आणि त्यानंतर काय झाले, ते सारे तो तुमच्या तोंडून पाहतो. त्याने त्याचे डोळे तुमच्याकडे ठेवायला दिलेले असतात. तुमची नजर जेवढी पक्की, तेवढीच तुमच्या शब्दाला किंमत. पुढे जे सांगतो ते सगळे याच एका गोष्टीला धरून आहे.

शंकरपटात बहुधा एका वेळी एकच जोडी धावते आणि तिची झुंज घड्याळाशी असते. जोडीचे नाव, मालक, गाव हे आधीच सांगून झालेले असते. झेंडी पडल्यापासून जोडी पार होईपर्यंतच्या काही सेकंदांत आपण जोश भरतो आणि मग घड्याळ पंचाने दिलेली वेळ वाचून दाखवतो. तिथे चूक करायला फारशी जागाच नसते. घोड्यांच्या शर्यतीत आठ-दहा घोडे एकदम सुटतात आणि कोण कुठे आहे याचे उत्तर क्षणाक्षणाला बदलते. शर्यतीचा कसलेला घोडा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर धावतो. तुम्ही एक भरदार वाक्य बोलायला तीन सेकंद घेतले, तर वाक्याच्या पहिल्या शब्दाला जे खरे होते ते शेवटच्या शब्दापर्यंत पन्नास मीटर मागे पडलेले असते. आपल्या मैदानावरचे घोडे इतके वेगवान नसतात, पण आठशे मीटरची शर्यत मिनिटभरात आटोपते आणि त्या मिनिटात दहा नावे, त्यांचा क्रम, त्यांच्यातली अंतरे आणि बदल हे सारे सांगायचे असते.

त्यामुळे खरे काम शर्यतीआधी होते. मुंबईच्या महालक्ष्मीवर, पुण्याच्या किंवा हैदराबादच्या मलकपेठच्या रेसकोर्सवर प्रत्येक मालकाचा नोंदवलेला रंग असतो, जॉकी त्याच रंगाचा सदरा घालतो, टोपीचा रंगही ठरलेला असतो, आणि हे सगळे छापील रेसकार्डावर असते. तिथले समालोचक प्रत्येक शर्यतीपूर्वी मिळणाऱ्या पंधरा-वीस मिनिटांत ते रंग आणि नावे एकमेकांना जोडून पाठ करतात. अनेक जण रंगीत पेनांनी कार्डावर सदऱ्यांची छोटी चित्रे काढतात, कारण हाताने रंगवलेली गोष्ट डोळ्यांत अधिक पक्की बसते. शर्यत संपली की ती यादी डोक्यातून पुसून टाकायची आणि पुढची भरायची. हे पुसणेही शिकावे लागते. माझ्या पहिल्या दोन वर्षांत दुसऱ्या फेरीतले नाव चौथ्या फेरीत तोंडून निसटत असे.

या तयारीचे मोल सांगणारी एक घटना शर्यतीच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. ८ एप्रिल १९६७ रोजी इंग्लंडमधील एंट्री (Aintree) या मैदानावर ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची मोठी शर्यत होती. ४४ घोडे धावत होते. तेविसाव्या अडथळ्यापाशी, जो त्या मैदानावरचा सर्वांत लहान अडथळा होता, एक बिनस्वाराचा घोडा आडवा गेला आणि मागून येणारा जवळजवळ सगळा जथा एकमेकांवर आदळून थांबला. घोडे वळले, स्वार पडले, कोण कुणाचा ते कळेना. त्या गोंधळातून बराच मागे असलेला एक घोडा वाट काढून पलीकडे गेला. मायकेल ओहेहिर हे आयर्लंडचे समालोचक त्या वेळी मैदानाच्या त्याच भागाचे वर्णन बीबीसीसाठी करीत होते, आणि त्यांनी तत्क्षणी त्या घोड्याचे नाव घेतले : फॉइनेव्हन. एकास शंभर भाव असलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला तो घोडा शर्यत जिंकून गेला. ओहेहिर यांना ते नाव सुचले कसे? शर्यतीआधी ते जॉकींच्या खोलीत जाऊन सगळे सदरे पाहून आले होते, त्यांतला एक रंग त्यांना अनोळखी वाटला होता आणि हा कुणाचा, असे त्यांनी तिथेच विचारून घेतले होते. ज्या घोड्याकडे कुणी पाहणार नव्हते त्याचीही त्यांनी आदल्या तासाभरात ओळख करून घेतली होती. मला ही हकीकत पहिल्यांदा कळली तेव्हापासून आजतागायत मी शेवटच्या क्रमांकाच्या घोड्याजवळ गेल्याशिवाय माईक हातात घेतलेला नाही.

आपल्याकडे अडचण अशी की यात्रेतल्या शर्यतीत रंगीत सदरे नसतात. स्वार असतो बनियन किंवा टी-शर्टवर, आणि दहांपैकी चार जणांचे टी-शर्ट एकाच रंगाचे निघतात. म्हणून आपल्याला घोड्याच्या अंगावरूनच घोडा ओळखता आला पाहिजे. कुमैत (तांबूस-तपकिरी), मुश्की (काळा), नुकरा (पांढरा), सब्जा (करडा), अबलख (दुरंगी, मोठ्या डागांचा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा) हे शब्द आपल्या भागातल्या जुन्या घोडेवाल्यांच्या तोंडी रोजचे आहेत. त्यांतले बरेचसे फारसीतून दखनीत आणि दखनीतून मराठीत आले आणि निजामाच्या राज्यात ते आपल्याकडे चांगलेच रुळले. मात्र "कुमैत घोडा पुढे" एवढे सांगून भागत नाही, कारण दहांत पाच घोडे कुमैतच असतात. त्या पाचांत कुणाच्या कपाळावर टिळा आहे, कुणाचा पट्टा नाकपुडीपर्यंत उतरला आहे, कुणाचा एकच मागचा पाय पांढरा आहे, कुणाची आयाळ कापलेली आहे, कुणाचे शेपूट बांधलेले आहे, हे वहीत लिहून घ्यावे लागते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे एक दिवस नुसते हिंडा आणि व्यापाऱ्यांना एकेका घोड्याचा रंग काय म्हणतात ते विचारत राहा; मी जे शिकलो त्यातले निम्मे तिथेच शिकलो.

एक बारकावा मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. घोड्याची जी बाजू शर्यतीत तुमच्याकडे असणार आहे, त्याच बाजूच्या खुणा टिपा. घोडे तुमच्या डावीकडून उजवीकडे धावणार असतील तर तुम्हाला घोड्याचे उजवे अंग दिसते. मी एकदा संध्याकाळी दावणीला बांधलेल्या घोड्यांच्या डाव्या अंगाकडून फिरून अगदी सविस्तर नोंदी केल्या, आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीत उजवी अंगे समोर आली तेव्हा त्यांतल्या अर्ध्या नोंदी निरुपयोगी ठरल्या. शिवाय पायांवरच्या पांढऱ्या खुणांवर फार विसंबू नका. पहिले दोन घोडे धूळ उडवतात आणि मागच्यांचे पाय गुडघ्यापर्यंत दिसेनासे होतात. त्यासाठी मी यात्रा कमिटीला दर वर्षी एकच विनंती करतो की प्रत्येक स्वाराला वेगळ्या रंगाचा फेटा बांधावा किंवा छातीवर रंगीत पट्टा द्यावा. दहा रंगांच्या कापडाला खर्च किरकोळ येतो आणि समालोचनाचा दर्जा त्याने जितका सुधारतो तितका महागड्या साऊंड सिस्टीमने सुधारत नाही. केशरी आणि लाल हे दोन रंग मात्र एकाच फेरीत येऊ देऊ नका. दुपारच्या उन्हात आणि धुळीत ते एकच दिसतात.

नावांचाही घोळ आपल्याकडे असतो. रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या नावांना अक्षरांची मर्यादा असते, सहसा जागा धरून अठरा रोमन अक्षरांची, आणि एकसारखी नावे नोंदवू देत नाहीत. यात्रेत एका फेरीत दोन 'तुफान' आणि तीन 'राजा' असणे नेहमीचे. अशा वेळी गावाच्या नावाने पुकारा, पण तसे करणार हे शर्यतीआधी लोकांना दोनदा सांगा आणि मालकांनाही विचारून घ्या. कुणाला आपले गाव आवडते, कुणाला आपल्या वडिलांचे नाव घ्यावे असे वाटते. जे ठरले ते फेरी संपेपर्यंत बदलू नका.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे येतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि ही गोष्ट समालोचनात फार आड येते. "वसमतच्या मालकांचा पंचकल्याणी घोडा बिजली आता हळूहळू बाहेरच्या बाजूने पुढे सरकताना दिसत आहे" हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण घोड्याला काय झाले हे ऐकणाऱ्याला कळेपर्यंत बिजली पुढे जाऊन पुन्हा मागेही आलेली असते. धावत्या शर्यतीत नाव आधी, जागा लगेच, अंतर त्यामागोमाग, आणि क्रियापद गाळले तरी चालते : "बिजली, बाहेरून, तिसरी. तुफान पुढे, घोडाभर. राजा दुसरा, आतल्या दोरीला." अंतरासाठी परके शब्द शोधू नका. नाकभर, मानभर, अर्धा घोडा, घोडाभर, दोन घोडे हे शब्द शेतकऱ्याच्या पोरालाही क्षणात कळतात. रेसकोर्सवरची मापेही मुळात हीच आहेत : नाक, डोके, मान आणि घोड्याची लांबी, जी साधारण २.४ मीटर धरली जाते.

"दिसत आहे", "पाहायला मिळत आहे", "असे म्हणायला हरकत नाही" ही भरताड शब्दांची सवय शंकरपटातून येते, कारण तिथे दोन जोड्यांमधला रिकामा वेळ भरायचा असतो. तिथे शेर म्हणा, म्हणी सांगा, गावाचे कौतुक करा. लोकांना ते आवडते आणि मलाही आवडते. पण घोडे सुटल्यानंतर एकही शेर नको. घोड्याच्या टापेला यमक जुळवण्याच्या नादात मी एकदा चौथ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आलेला घोडा पाहिलाच नाही, आणि त्याचा मालक नंतर माझ्याशी दोन वर्षे बोलला नाही. त्याचे बरोबर होते.

क्रम सांगण्याची माझी पद्धत अशी आहे. सुटताना कोण चांगला सुटला आणि कोण अडखळला एवढेच सांगतो. साधारण पहिल्या एक-तृतीयांश अंतरात पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या घोड्यांची नावे एकदा क्रमाने घेतो. मग पुढच्या चार-पाच घोड्यांकडे लक्ष ठेवतो आणि मागून कुणी सरकत असेल तरच मागे जातो. शेवटच्या दोनशे मीटरांत फक्त जिंकू शकणारे घोडे. आणि निकाल लागल्यावर, पहिल्या तिघांनंतरही, उरलेल्यांची नावे पुन्हा एकदा.

सगळ्यांची नावे घेण्याबद्दल मी आग्रही का आहे, ते सांगतो. हिंगोलीकडच्या एका यात्रेत एक म्हातारे घोडेवाले दर वर्षी माझ्या मचाणाच्या खांबाला टेकून बसत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना दिसेनासे झाले होते. घोडा आता नातू पळवत होता. एका वर्षी त्यांचा घोडा फार मागे राहिला आणि मी सुरुवातीला एकदा नाव घेऊन पुढच्यांच्या चुरशीत रमलो. शर्यत संपल्यावर त्यांनी मला खाली बोलावले. रागावले नाहीत. म्हणाले, "लेकरा, माझा घोडा मागं राहिला हे मला ठावं हाय, पर किती मागं राहिला, ते तू कुठं सांगितलास?" त्यांना आपला घोडा नववा आला की दहावा, आठव्यापेक्षा किती मागे होता, शेवटी थकला की मुळातच सुटला नाही, हे जाणून घ्यायचे होते. घोडा पाळणाऱ्याला हरल्याचे कारण जिंकल्याच्या बातमीइतकेच हवे असते. ते मी त्या दिवशी त्यांना देऊ शकलो नाही, कारण मी पाहिलेच नव्हते.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो, आणि चांगला समालोचक नि नुसता निवेदक यांतला फरक मला इथेच सर्वांत जास्त दिसतो. पुढे असलेला घोडा तर सगळेच सांगतात. जिंकणारा घोडा तो पुढे येण्याआधी दिसला पाहिजे. त्यासाठी घोड्याइतकेच स्वाराकडे पाहा. पुढच्या स्वाराचे हात हलू लागले, तो मागे वळून पाहू लागला, चाबूक उचलू लागला, आणि त्याच्या मागचा स्वार मात्र अजून लगाम घट्ट धरून स्थिर बसला आहे, तर मागच्या घोड्यात अजून दम शिल्लक आहे. घोड्याचे डोके वर येऊ लागले, टाप आखूड पडू लागली, तो सरळ रेषा सोडून बाजूला झुकू लागला, तर तो थकला आहे. हे तीनशे मीटर आधी सांगता आले तर ऐकणारा श्वास रोखून वाट पाहतो, आणि तुम्हाला ओरडायची गरजच पडत नाही. चालीच्या स्पर्धेत, जिथे घोड्याने चौखूर न उधळता ठरलेल्या चालीतच जायचे असते, हेच उलट बाजूने कामी येते : स्वार जास्त घाई करू लागला की घोडा चाल मोडून चौखूर सुटणार आणि बाद होणार, हे त्याच्या हातांवरून एक-दोन टापा आधी कळते.

दुर्बीण घ्या. सात किंवा आठ पटींची पुरते. दहाच्या वर गेलात तर हातातली थरथर चित्रात उतरते आणि दिसण्याचे क्षेत्रही लहान होते. घोडे शेवटच्या दोनशे मीटरांत आले की दुर्बीण खाली ठेवा, कारण तिच्यातून दोन घोडे एकमेकांच्या जवळ नसताना जवळ वाटतात.

मचाण कुठे आहे याकडे दुर्लक्ष केल्याची मोठी किंमत मी मोजली आहे. एका गावात कमिटीने माझी जागा लिंबाच्या सावलीत ठेवली होती, शेवटच्या रेषेच्या वीसेक फूट अलीकडे. उन्हातून आलेला मी खूश झालो. अंतिम फेरीत दोन घोडे बरोबरीने आले, एक माझ्या बाजूच्या दोरीला आणि दुसरा पलीकडच्या. मला माझ्या बाजूचा घोडा स्पष्ट मानभर पुढे दिसला आणि मी त्याचे नाव जाहीर केले. गुलाल उधळला, हलगी वाजली, लोकांनी स्वाराला खांद्यावर घेतले. रेषेवर उभ्या असलेल्या दोन्ही पंचांनी पलीकडचा घोडा विजयी दिला होता, आणि ते बरोबर होते. रेषेच्या अलीकडून तिरके पाहिले की जवळचा घोडा आहे त्याहून पुढे दिसतो. रेषेच्या पलीकडून पाहिले की लांबचा पुढे दिसतो. हे साधे भूमितीचे सत्य आहे आणि डोळा कितीही तयार असला तरी ते बदलत नाही. त्या दिवशी खांद्यावरून खाली उतरवलेल्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मी मचाण रेषेच्या नेमके समोर आणि उंचावर असल्याशिवाय काम घेत नाही, आणि अंतर मानेपेक्षा कमी असेल तर विजेत्याचे नाव घेतच नाही. "दोघे बरोबर आले आहेत, निकाल पंच देतील" एवढे सांगून थांबतो. रेसकोर्सवरही फोटो-फिनिश कॅमेऱ्याचा निर्णय येईपर्यंत शहाणा समालोचक थांबतो. आपल्याकडे तर बहुतेक ठिकाणी कॅमेराही नसतो, तेव्हा अधिकच थांबायला हवे.

तरीही चुका होतातच. अमेरिकेचे समालोचक चिक अँडरसन यांनी १९७३ साली सेक्रेटॅरिएट या घोड्याने ३१ लांबींनी जिंकलेल्या बेलमाँट शर्यतीचे केलेले वर्णन आजही नमुना म्हणून ऐकवले जाते, आणि त्याच अँडरसन यांनी दोन वर्षांनी केंटकी डर्बीत शेवटच्या सरळ टप्प्यात एका घोड्याला दुसऱ्याच घोड्याच्या नावाने पुकारले. इतक्या वरच्या माणसालाही दोन रंग फसवतात. चूक ध्यानात येताच त्याच आवाजात, त्याच वाक्यात दुरुस्त करावी : "राजा दुसरा, चुकलो, तो तुफान, तुफान दुसरा." ती झाकण्यासाठी नाव न घेता "पुढचा घोडा, पुढचा घोडा" करीत राहिलात तर लोकांना कळते आणि तुमच्या पुढच्या खऱ्या शब्दावरही त्यांचा विश्वास राहत नाही. धुळीत दिसत नसेल तर तसे सांगा. "मागे दोन घोडे धुळीत आहेत, दिसले की सांगतो" या वाक्याने कुणाचाही मान कमी होत नाही.

आवाजाबद्दल थोडेच सांगतो, कारण तो तुमच्याकडे आहे. सुरुवात बोलण्याच्या पट्टीत करा. सुटताक्षणी टिपेला गेलात तर शेवटच्या शंभर मीटरांसाठी वर जायला जागा उरत नाही. माईक तोंडापासून चार बोटे दूर आणि थोडा तिरका धरा, वारा असेल तर त्यावर सुती रुमाल एकपदरी बांधा. थंड पाणी टाळा.

भोंग्यांचे गणित मात्र समजून घेतले पाहिजे. आपल्या मैदानावर भोंगे धावपट्टीच्या कडेने लांबवर लावलेले असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे सहाशे मीटरवरच्या भोंग्यातून तुमचा शब्द तुमच्याकडे परत यायला पावणेदोन सेकंद लागतात. तुम्ही तिसरे नाव घेत असता आणि कानावर तुमचेच पहिले नाव आदळते. नवखा माणूस इथे अडखळतो, आपल्याच आवाजाची वाट पाहत हळू होतो आणि शर्यत निसटते. उपाय दोन आहेत : एका कानात कापूस घाला, आणि तुकडे लहान ठेवून दोन तुकड्यांमध्ये किंचित थांबा. तेवढ्याने दूरच्या माणसालाही नावे एकमेकांत न मिसळता ऐकू येतात. 'राजा', 'बाजा', 'साजा' असली मिळतीजुळती नावे एका फेरीत आली तर गावाचे नाव जोडलेच पाहिजे, कारण भोंग्यातून फक्त आकार ऐकू जातो.

आणि चिठ्ठ्या. तुम्हाला हे सांगायला नकोच, पण घोड्यांच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते म्हणून सांगतो. घोडे सुटायला लागले की कुणीतरी मचाणावर चढून अमुक पाहुण्यांचे आगमन आणि तमुक देणगीदारांचे पाचशे एक रुपये यांची चिठ्ठी हातात कोंबतो. कमिटीच्या अध्यक्षांना सकाळीच नम्रपणे सांगून ठेवा की स्वार रेषेवर आल्यापासून निकाल लागेपर्यंत मचाणावर कुणीही चढणार नाही. देणगीदारांची नावे तुम्ही प्रत्येक फेरीच्या आधी मानाने, सावकाश वाचाल. शब्द पाळलात तर लोक ऐकतात.

जिवावर बेतण्याचे म्हणतो ते अशासाठी की त्या मैदानावर हजारो लोकांपर्यंत एकाच वेळी पोहोचणारा आवाज तुमचाच असतो. घोडा उधळला, स्वार पडला, पोर धावपट्टीत आले, तर सर्वांच्या आधी तुम्हाला दिसते. अशा क्षणी आवाज चढू देऊ नका, उतरवा. चढलेल्या आवाजाने लोक पुढे धावतात आणि घोडा आणखी बिथरतो. "उजव्या बाजूची मंडळी, दोरीच्या मागे दोन पावले. घोडा सुटलेला आहे. कुणी हात करू नका" असे एकेक वाक्य, अगदी सावकाश. स्वार पडला असेल तर तो उठला की नाही हे खात्रीने कळेपर्यंत त्याच्या प्रकृतीबद्दल एक शब्दही बोलू नका. त्याची आई गर्दीत असू शकते. आणि शर्यत पुढे चालू असेल तर पुढची चुरस रंगवत बसू नका, निकाल साधेपणाने सांगा.

निःपक्षपातीपणाबद्दल सगळेच बोलतात, पण तो आवाजात कसा असतो हे ऐकायचे तर इंग्लंडच्या पीटर ओसुलिव्हन यांच्याकडे पाहावे, ज्यांनी बीबीसीवर १९४७ ते १९९७ अशी पन्नास वर्षे ग्रँड नॅशनलचे समालोचन केले. १९७४ साली चेल्टनहॅमच्या ट्रायम्फ हर्डल शर्यतीत त्यांच्या स्वतःच्या मालकीचा अॅटिव्हो हा घोडा धावत होता आणि समालोचन तेच करीत होते. घोडा जिंकला. आवाजावरून मालक कोण ते ओळखता आले नसते, इतक्या समतोलपणे त्यांनी ती शर्यत सांगितली. आपल्याकडे तर भावकीचा, गावचा, मित्राचा घोडा प्रत्येक फेरीत असतो. माझ्या मेहुण्याचा घोडा धावतो त्या फेरीचे समालोचन मी दुसऱ्याला देतो, कारण ओसुलिव्हन यांच्याइतका माझा माझ्यावर भरवसा नाही. पैजेबद्दलही स्पष्ट सांगतो : परवानाधारक रेसकोर्सवर लागणारा भाव हा तिथल्या कायद्याचा विषय आहे, यात्रेत कोण पैसे लावतो याच्याशी माईकचा काडीचाही संबंध असता कामा नये. शर्यतीआधी "हा घोडा येणार" असे गमतीनेही म्हणू नका. सकाळी दावणीवर फिरल्यामुळे कोणता घोडा लंगडतो हे तुम्हाला ठाऊक असते. ते पंचांना आणि पशुवैद्यकाला सांगा, चहाच्या टपरीवर नको.

सरावासाठी यात्रेची वाट पाहू नका. हैदराबाद, मुंबई, पुणे इथल्या शर्यतींची चित्रणे पाहायला मिळतात. ती आवाज बंद करून लावा, आधी फक्त रंग आणि नावे दहा मिनिटे पाठ करा आणि मग मोबाईलवर स्वतःचे समालोचन रेकॉर्ड करा. मग मूळ आवाजासह पुन्हा पाहा आणि किती नावे चुकली, किती राहिली, किती उशिरा आली ते मोजा. पाच-सहा घोड्यांच्या शर्यतींपासून सुरू करा. बारा घोड्यांपर्यंत जायला मला दीड वर्ष लागले. दुसरा सराव रस्त्यावरचा आहे : बसस्टँडच्या समोर उभे राहून येणाऱ्या गाड्या पहिली-दुसरी-तिसरी अशा, रंग आणि जागेसह, न थांबता पाच मिनिटे सांगायच्या. लोक बघतील, बघू द्या. जीभ डोळ्याच्या मागोमाग चालायला त्याच सरावाने शिकते.

यंदाची शर्यत तुमच्याकडे आहेच, तर एवढे करा : आदल्या दिवशी दुपारीच पोहोचा, मचाण रेषेसमोर आहे का ते स्वतः उभे राहून पाहा, दूरच्या टोकाला एका माणसाला उभा करून शेवटचा भोंगा ऐकू येतो का ते तपासा, आणि संध्याकाळी वही घेऊन दावणीवर जा. घोड्यांच्या उजव्या अंगाने फिरायचे की डाव्या, ते सुरुवातीची रेषा कुठल्या टोकाला आखली आहे ते पाहून ठरवा.